एकावर एक बसेनात अशा अवजारपेट्या : त्या कशा सुधाराव्या



मोटारीची लाईट रात्रपाळीची. पाणी सोडलं आणि मोसंबीच्या चौथ्या ओळीत ठिबकची नळी निसटली. आता पाहिजे एक जॉईनर आणि एक रबरी ग्रोमेट. दोन्ही वस्तू विकत घेतलेल्या आहेत, आखाड्यावरच आहेत, पण कोणत्या पेटीत? बॅटरीच्या उजेडात वरची पेटी उतरवा, मधली उतरवा, खालचीचं झाकण निघेना म्हणून पहारीने उचकटा. तोवर लाईट जायची वेळ होते. बाग तहानलेली राहते ती राहतेच, आणि झाकण मोडतं ते वेगळंच. या नुकसानीचा हिशेब कोणी वहीत मांडत नाही, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही एवढंच.

तिफण, वखर, कोळपे यांची निगा कशी राखावी हे पुष्कळदा सांगितले जाते. आज बोलायचे आहे ते बारीक हत्यारांविषयी. पाना, पक्कड, छाटणी कात्री, खुरपी, कानस, पंपाचे नोझल, ठिबकचे सुटे भाग. पूर्वी ही सगळी एका पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देवदारी खोक्यात जायची. ट्रंक गंजायची, पण बसकी आणि भक्कम होती. आता तिच्या जागी प्लास्टिकच्या पेट्या आल्या. काहींकडे झाकण आणि खटके असलेल्या तयार अवजारपेट्या आहेत, तर पुष्कळांकडे फळांचे जुने कॅरेट. कडवंचीकडे द्राक्षं, अंबड-घनसावंगीकडे मोसंबी, त्यामुळे कॅरेट नाही असा आखाडा आपल्या जिल्ह्यात सापडणं कठीणच.

पेटी हलकी आहे, ती गंजत नाही, धुता येते. हे गुण खरे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी दोन पेट्या घेतल्या आणि यंदा तिसरी आणली की तक्रार सुरू होते. नवी पेटी जुनीवर बसत नाही. जुनीच्या झाकणावर जिथे खाचा आहेत, तिथे नवीच्या तळाचे खुंट येतच नाहीत. वर ठेवली की डुगडुगते. आत एक तबक दिलेलं असतं, ते वरची तिसरा हिस्सा जागा खातं, मग खुरपं आडवं बसत नाही आणि पाईप-पाना उभा राहत नाही. खटके पहिल्या उन्हाळ्यात तुटतात. आणि झाकण इतकं घट्ट केलेलं असतं की आतलं लोखंड कोरडं राहण्याऐवजी लवकर गंजतं.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. कारण कळलं की उपाय हातानेच सुचतो.

पेटीचा साचा बनवणारा आपल्या आखाड्याचा विचार करत नाही. तो मालमोटारीचा आणि गोदामाचा विचार करतो. युरोपात माल रचण्याची लाकडी फळी १२० × ८० सेंटीमीटरची असते. तिच्यावर ६० × ४० सेंटीमीटरच्या चार पेट्या बरोबर बसतात, म्हणून हे माप जगभर पसरले आणि आपल्याकडेही त्या मापाच्या पेट्या मिळू लागल्या. आपल्या बाजारातले टोमॅटो-मोसंबीचे नेहमीचे कॅरेट मात्र साधारण ५४ × ३६ सेंटीमीटरचे. ही दोन घराणी एकमेकांत बसणार नाहीत, हे उघड आहे. शिवाय काही पेट्या रिकाम्या असताना एकीच्या पोटात दुसरी जावी म्हणून खाली निमुळत्या केलेल्या असतात. रिकाम्या पेट्यांचे गाडीभाडे त्यात वाचते, पण तळ लहान झाल्याने भरलेली पेटी डगमगते. भाडे कारखानदाराचे वाचले आणि डगमग आपल्या वाट्याला आली, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा नवी पेटी घेताना जुनी पेटी, निदान तिचं झाकण तरी, बरोबर न्या आणि दुकानातच एकावर एक ठेवून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

जुनी-नवी जोडणारा पाट

पेट्या घेऊन झाल्या असतील तर फेकू नका. दोन्हींच्या मधे एक लाकडी पाट घातला की काम होते. घरी जुनी फळी, प्लायचा तुकडा किंवा खोक्याच्या पट्ट्या असतील तर सुताराचीही गरज नाही.

मापात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. खालच्या पेटीचा काठ मोजायचा आणि वरच्या पेटीचा तळ मोजायचा. पुष्कळ जण दोन्हींचे काठ मोजतात आणि पाट सैल होतो. समजा, खालच्या कॅरेटचा काठ ५४ × ३६ सेंटीमीटर आहे आणि वरच्या पेटीचा तळ ५६ × ३६ सेंटीमीटर भरला. फळी ६१ × ४१ सेंटीमीटरची कापावी. फळीच्या खालच्या अंगाला दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या अशा ठोकाव्या की आतली मोकळी जागा ५४.६ × ३६.६ राहील. म्हणजे पाट खालच्या कॅरेटवर टोपीसारखा बसेल. वरच्या अंगाला तशाच पट्ट्यांची चौकट करावी, तिची आतली जागा ५६.६ × ३६.६ ठेवावी. वरची पेटी तिच्यात पाटावरच्या ताटासारखी बसते. प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर सूट का सोडायची? उन्हात प्लास्टिक फुगते आणि आपल्याकडची काळी माती फटीत जाऊन बसते. नेमक्या मापाचा पाट मे महिन्यात अडकतो, मग पुन्हा पहारीची आठवण होते.

खिळ्यांची टोकं बाहेर राहू देऊ नका, ती ठोकून वाकवावी. पट्ट्यांच्या चौकटीला एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवावी, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही.

पाट झाला म्हणून मजले चढवू नयेत. लोखंड भरलेल्या पेट्या तीनपेक्षा जास्त रचू नका. जड सामान खाली, हलकं वर. रोज लागणारी पेटी सर्वांत वर. हे सांगायला सोपं वाटतं, पण घरोघरी उलटंच दिसतं, कारण जी पेटी शेवटी आणली ती वर बसते. ज्यांच्याकडे सहा-सात पेट्या आहेत त्यांनी रचण्याचा नादच सोडावा आणि सळईची मांडणी करून घ्यावी. जालना तर सळईच्या कारखान्यांचं गाव. भंगारातले तुकडे आणि वेल्डिंगवाल्याचा अर्धा दिवस, एवढ्यात दोन खणांची मांडणी होते. मग कोणतीही पेटी दुसरीला न हलवता ओढता येते. माझ्या मते हाच खरा उपाय, पाट ही तात्पुरती सोय.

खटके, तडे आणि न चिकटणारे सोल्युशन

पेटी उलटी करून तळ पाहा. तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. आकडा २ असेल तर ते चिवट, जाड जातीचं प्लास्टिक, बहुतेक कॅरेट याचेच. आकडा ५ असेल तर दुसरी जात, झाकणाच्या पेट्या पुष्कळदा हिच्या असतात. ही दुसरी जात वाकवली तर मोडत नाही, पण ऊन खाल्लं की ठिसूळ होते. खटका म्हणजे पेटीचा सर्वांत पातळ भाग, तोच आधी जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पेटी आखाड्याच्या दारात उन्हात पडलेली असते. म्हणून पेटी सावलीत ठेवावी आणि घ्यायचीच असेल तर काळी घ्यावी. काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी घातलेली असते, ती उन्हाचा मारा अडवते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी.

तुटलेला खटका पीव्हीसी पाईपच्या सोल्युशनने चिकटवण्याचा उद्योग बरेच जण करतात. ते चिकटत नाही आणि चिकटणारही नाही. ते सोल्युशन पीव्हीसीला थोडं विरघळवून एकजीव करतं. २ आणि ५ आकड्याच्या प्लास्टिकवर त्याचा असर होत नाही. डबी वाया घालवू नका.

त्याऐवजी उरलेले खटके काढून टाका आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरा. ट्यूब कापून सरळ करावी, पेटीच्या भोवती एक वेढा येईल त्यापेक्षा वीतभर कमी लांबी घ्यावी, एका टोकाला जाड तारेचा आकडा आणि दुसऱ्या टोकाला तारेची कडी बांधावी. ताणून अडकवली की झाकण घट्ट. गाडीवरून पेटी नेतानाही ती उघडत नाही. ट्यूबही उन्हाने तडकते, तेव्हा दर वर्षी रोहिणी निघाल्या की नवी घालावी.

कुलूप हवे असेल तर कडी-कोयंडा नटबोल्टने बसवावा, स्क्रूने नव्हे. प्लास्टिकमध्ये स्क्रू धरत नाही. बोल्टच्या दोन्ही अंगांना रुंद वॉशर घाला, म्हणजे ओढ एका ठिकाणी न येता पसरेल. भोक गिरमिटाने किंवा ड्रिलने हळू पाडावे. ठोकून पाडलं तर तिथूनच तडा जातो.

तडा आधीच गेला असेल तर तो जिथे संपतो, नेमक्या त्या टोकावर तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडावं. तडा टोकदार असतो म्हणून पुढे धावतो, गोल भोकापाशी तो थांबतो. मग तड्याच्या दोन्ही कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवून टाका. गोणी शिवतो तसंच हे काम. घरी सोल्डरचं यंत्र असेल तर ती तार गरम करून प्लास्टिकमध्ये दाबता येते, फक्त हे काम उघड्यावर करावे, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नये.

एक सूचना. कॅरेट आडत्याचे असेल तर त्याला गिरमिट लावू नका. मागाहून पट्टीतून कापून घेतील आणि बोलणं वेगळं खावं लागेल.

आतली जागा

आतलं तबक सरळ बाहेर काढावं. त्याचा उपयोग ठिबकच्या बारीक सामानाला चांगला होतो. जॉईनर, एंड कॅप, टेक-ऑफ, ड्रिपर असे कप्पे करून ते तबक वेगळं ठेवा, बागेत जाताना तेवढंच उचलून नेता येतं. झाकणावर प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना तारेने बांधून टाकला तर वाचता न येणाऱ्या गड्यालाही कशात काय आहे ते कळतं. अंधारात हातालाही लागतं. ग्रोमेट आणि वॉशर मात्र तेलाच्या हत्यारांपासून दूर ठेवावेत. तेल लागलं की रबर फुगतं आणि मग ऐन वेळी बसत नाही.

मोकळ्या झालेल्या पेटीत पाईपचे तुकडे उभे करावेत. विहिरीवरच्या पाईपलाईनचे ६३ किंवा ७५ मिलिमीटरचे तुकडे प्रत्येकाकडे पडून असतात. पेटीच्या उंचीपेक्षा दोन बोटं कमी असे सारख्या उंचीचे आठ-दहा तुकडे कापा. पाईप पीव्हीसीचा असल्याने इथे सोल्युशन कामाला येतं. तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांचा एक गठ्ठा करा आणि तो पेटीत ठेवून द्या, पेटीला चिकटवायची गरज नाही. एका नळीत पक्कड, एकीत छाटणी कात्री, एकीत कानस, एकीत पाने. कात्री टोक खाली करून ठेवावी. कोणती नळी रिकामी आहे हे संध्याकाळी एका नजरेत दिसतं, म्हणजे पाना बांधावर राहिला असेल तर त्याच दिवशी आठवतो, पाळी घालताना सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.

कुदळ, फावडं, पहार, तिफणीच्या नळ्या असलं लांब सामान पेटीत कोंबू नये. ते भिंतीवर खुंट्यांना.

घट्ट झाकण आणि गंज

आता गंजाविषयी. पुष्कळांची समजूत अशी की पेटी जितकी बंद तितकं हत्यार सुरक्षित. कोरडं हत्यार असेल तर ते बरोबर आहे. पण निंदण झाल्यावर खुरपं ओल्या मातीसकट पेटीत जातं आणि झाकण बंद होतं. दिवसा पेटी तापते, मातीतली ओल हवेत येते. रात्री पेटी गार पडते, तीच ओल थेंब होऊन लोखंडावर बसते. पेटीला रोज असा घाम फुटतो. जुन्या ट्रंकेला फटी होत्या, त्यातून ओल निघून जायची. नव्या पेटीत ती कोंडून राहते.

यावर उपाय म्हणजे काठाच्या खाली, समोरासमोरच्या दोन्ही लांब बाजूंना पाच मिलिमीटरची सहा-सहा भोकं पाडावीत. झाकणाला पाडू नयेत, पाणी आत येईल. त्याहून मोठी पाडली तर उंदराची पिल्लं आणि झुरळं आत घर करतात. तळालाही चार कोपऱ्यांत एकेक भोक असावं. आणि पेटी जमिनीवर न टेकवता दोन विटांवर ठेवावी.

हत्यार ठेवण्याआधी माती खरवडून, चिंधीने पुसून त्यावर जळक्या ऑईलचा हात फिरवावा. ट्रॅक्टरवाल्याकडे ते मिळते. दांड्याला मात्र लावू नये, हातातून निसटतो. पेटीच्या शेजारी खताच्या गोण्या नकोत. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात, त्यातही म्युरेट ऑफ पोटॅशमधला क्लोराईड लोखंडाला खातो. रेशीमवाल्यांनी ब्लिचिंग पावडरचा डबाही याच कारणाने दूर ठेवावा.

उघड्या कॅरेटमध्ये हात घालण्याआधी काडीने ढवळण्याची सवय लावून घ्या. विंचवाला खुरप्यांच्या ढिगासारखी गार, अंधारी जागा फार आवडते.

फवारणीची पेटी निराळी

आतापर्यंत जे सांगितलं त्यात चुकलं तर वेळ जाईल, पैसा जाईल. पुढच्या गोष्टीत जीव जाऊ शकतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं दगावली. त्याची कारणं अनेक होती आणि त्यात पेटीचा वाटा होता असं मी म्हणत नाही. पण विष अंगाला कुठून लागतं याचा विचार करताना आपल्याकडे फवारणीच्या वेळेपुरताच विचार होतो. फवारणीनंतर नोझल, माप, गाळणी, हातमोजे हे सगळं पान्याच्या पेटीत पडतं. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीतून कात्री काढली जाते, त्याच हाताने भाकर खाल्ली जाते.

एकावर एक रचलेल्या पेट्यांत तर आणखी एक धोका आहे. वरच्या पेटीत औषधाची बाटली पाझरली की खालच्या दोन्ही पेट्या भिजतात. म्हणून औषध आणि फवारणीचं साहित्य यांची पेटी कधीही रचणीत ठेवू नका. ती स्वतंत्र, कुलूपबंद, राहत्या घराबाहेर आणि पोरांच्या नजरेआड असावी. या एका पेटीच्या तळाला भोकं पाडू नयेत, सांडलेलं आतच राहिलं पाहिजे. पातळ औषधं खाली, भुकटीची वर. बाहेरून चारही बाजूंना लाल पट्टा मारा आणि मुठीला सुतळी गुंडाळा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल की ही ती पेटी. फवारणीसाठी एकदा वापरलेलं कॅरेट पुन्हा फळांना, चाऱ्याला किंवा जेवणाच्या डब्याला वापरायचं नाही. ते धुतलं तरी नाही.

तुती करणाऱ्यांनी हे दुप्पट काटेकोर पाळावं. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि रेशीम करणारी कुटुंबं वाढली. त्यातल्या बहुतेकांच्या शेजारच्या रानात कपाशी असतेच. रेशीमअळीला औषधाचा अंशही सहन होत नाही. कपाशीच्या नोझलसोबत ठेवलेली कात्री तुतीला लावली आणि तो पाला रॅकवर गेला, तर कोषावर आलेली बॅच हातची जाऊ शकते. तुतीची कात्री, पाला वाहायचं कॅरेट आणि पाला झाकायचं गोणपाट हे संगोपनगृहाच्याच खोलीत, दुसऱ्या रंगाच्या पेटीत ठेवा. ती पेटी आखाड्यावर आणायचीच नाही.

औषध मूळ डब्यातच राहू द्या, दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका. डब्यावर रंगाचा चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे विष नव्हे असं मात्र नाही. रिकामा डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावं आणि डब्याला भोक पाडून तो निकामी करावा. लाल पेटीची किल्ली कुठे आहे हे घरातल्या दोन मोठ्या माणसांना माहीत असावं. कोणाला घेरी आली, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं, तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावं आणि माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावं. जाताना ज्या औषधाची फवारणी चालू होती त्याचा डबा चिठ्ठीसकट बरोबर न्यावा, कारण कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टर तो पाहूनच ठरवतात.